गेमिंग पीसी: सत्तर हजार रुपये आठ डब्यांत कसे वाटायचे?

बोनस हातात आला, बारावीचा निकाल लागला किंवा आजीची एखादी ठेव मुदत संपून मोकळी झाली, की हल्ली घरात एक मागणी हमखास पुढे येते: गेमिंग पीसी. फ्रिज घ्यायचा असेल तर आपण लिटर विचारतो, एसी घेताना स्टार मोजतो. पण मुलाने पुढे केलेल्या कोटेशनवर आय-सेवन, जीटी, डीडीआर अशी अक्षरं दिसली की आई-बाबा गप्प होतात. मग निर्णय दोघंच घेतात: दुकानदार आणि यूट्यूब.

आमच्या बागबाजारात समोरच्याच घरात हे घडलं. मुलगा अकरावीत. ठाकुमांनी, म्हणजे त्याच्या आजीने, ठेवीतले सत्तर हजार त्याच्यासाठी बाजूला काढले होते. त्याच्याकडे व्हॉट्सअॅपवर एक कोटेशन आलं: आय-सेवन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड, सात रंगांचे दिवे, मॉनिटरसह अडतीस हजार. त्याचे बाबा खूश. "बत्तीस हजार वाचले की, काकिमा!" असं तोही मला सांगत होता.

वाचले नव्हते. अडतीस जाणार होते. का, ते समजून घेऊ, कारण असं कोटेशन मुंबई, नागपूर, बेळगाव कुठेही मिळू शकतं.

आकडा पूर्ण वाचा

त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आय7-3770. यातला पहिला 3 म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर 2012 मधला आहे. चार कोर, आठ थ्रेड. आता 2022 चा आय3-12100एफ घ्या. त्यालाही चार कोर, आठ थ्रेडच आहेत, पण तो बाराव्या पिढीचा आहे आणि गेममध्ये त्या जुन्या आय-सेवनला सहज मागे टाकतो. नाव मोठं म्हणून वेग मोठा, असं नसतं. तीन, पाच, सात हे आकडे एकाच पिढीत तुलना करायला ठीक. पिढी बदलली की आधी पिढी बघायची.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज 10 ची मोफत मदत मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवली. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शिवाय मदरबोर्डवर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा सोय हवी. समोरचा मुलगा व्हॅलोरंट खेळतो, आणि विंडोज 11 वर तो गेम टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे अडतीस हजारांच्या त्या यंत्रावर त्याचा आवडता गेमच अडकला असता.

आणि ते 4 जीबी ग्राफिक्स कार्ड? जीटी 730. 2014 चं. त्यावर मेमरी 4 जीबी असली तरी चिप इतकी अशक्त आहे की ती मेमरी वापरायची ताकदच तिच्यात नाही. ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावरचे जीबी बघून भाव ठरवू नका. नाव आणि साल बघा.

आधी गेम, मग पडदा, मग कार्ड

आमच्या भागात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो अर्धवट राहिला आणि मराठे शहरात आलेच नाहीत. पीसी घेतानाही अशीच धास्ती असते: उद्या काय लागेल कोण जाणे, सगळ्यात मोठंच घेऊ. मग पैसे खंदकात जातात. म्हणून आधी ठरवा, खेळायचं काय आहे.

व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए 5 हे तुलनेने हलके गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला 'राजी' हासुद्धा फार मोठं यंत्र मागत नाही. सायबरपंक 2077 सारखा गेम मात्र चांगलं कार्ड मागतो.

मग पडदा. फुल एचडी, म्हणजे 1080पी मॉनिटरवर सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. 4के पडद्यावर सुमारे 83 लाख, म्हणजे बरोबर चौपट. कार्डाला दर सेकंदाला हे सगळे ठिपके अनेक वेळा रंगवावे लागतात. बजेट मर्यादित असेल तर 24 इंची, फुल एचडी, 144 हर्ट्झ किंवा त्याहून वरचा मॉनिटर घ्यावा. पडदा ठरला की कार्ड आपोआप ठरतं. फुल एचडीसाठी आरएक्स 6600, आरटीएक्स 4060, आरटीएक्स 5060 या वर्गातलं 8 जीबीचं कार्ड पुरतं.

एक फसवं नाव लक्षात ठेवा: आरटीएक्स 3050. हे 8 जीबीचं आहे आणि 6 जीबीचंही. फरक फक्त मेमरीचा नाही. 6 जीबीच्या कार्डाची चिपही कमी ताकदीची आहे. नाव तेच, माल वेगळा.

सत्तर हजारांचे आठ डबे

त्या मुलाला मी वहीच्या पानावर आठ डबे काढायला लावले. हे बाजारभाव नव्हेत. भाव रोज हलतात. कोणत्या भागाला किती वजन द्यायचं, एवढंच यातून कळतं.

ग्राफिक्स कार्ड: 24,000
प्रोसेसर: 10,000
रॅम, 16 जीबी: 9,000
मॉनिटर: 9,000
मदरबोर्ड: 7,000
एसएसडी: 4,000
एसएमपीएस: 4,000
कॅबिनेट: 3,000

एकूण सत्तर हजार. कीबोर्ड, माऊस, हेडफोन जुनेच.

कार्डाला साधारण एक तृतीयांश पैसे जातात, कारण गेमचं चित्र तेच काढतं. प्रोसेसर रायझन 5 5600 किंवा आय5-12400एफ या वर्गातला पुरे. दोन्हींत सहा कोर आहेत. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड लागतंच. साध्या 5600 चंही तसंच.

रॅमच्या डब्यावर सध्या सगळ्यात जास्त ताण आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली की 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. घरात जुना पीसी असेल तर त्यातली रॅम डीडीआर4 आहे का बघा. नवा मदरबोर्डही डीडीआर4 चा घेतला तर तीच वापरता येईल. डीडीआर4 ची रॅम डीडीआर5 च्या खाचेत बसत नाही, म्हणून मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच ठरवा. एका 16 पेक्षा 8-8 च्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांनी प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते आणि गेममध्ये फरक दिसतो.

भाव डब्याबाहेर गेला तर कुठून काढायचे? कॅबिनेटचे दिवे आणि महागडा मदरबोर्ड यांच्यातून. दिव्यांनी गेमचा वेग वाढत नाही. पण पुढची बाजू जाळीची असलेलं कॅबिनेट घ्या, हवा खेळती राहते. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट उकाड्यात काचेचं बंद तोंड असलेली पेटी म्हणजे भट्टीच.

इथे काटकसर नको

एसएमपीएस. भिंतीतली वीज पीसीला हव्या त्या रूपात करून देणारा हा डबा कुणाला दिसत नाही, म्हणून दुकानदार कोटेशनमध्ये तिथेच कात्री लावतात. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला, वर 500 वॉट छापलेला हलका डबा पूर्ण भार आला की दगा देऊ शकतो, आणि जाताना चोवीस हजारांचं कार्डही घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा, 550 वॉटचा डबा वर सांगितलेल्या कार्डांना पुरतो.

त्याच्या जोडीला घराची वीज बघा. बागबाजारातल्या जुन्या घरांत, आणि गिरगाव-सदाशिव पेठेतल्या वाड्यांतही, कित्येक प्लगना अर्थिंग नसतं. पीसी आणण्याआधी वायरमनला बोलावून एक तीन-पिनी प्लग नीट करून घ्या. इथे उन्हाळ्यात कालबैशाखीचं वादळ आलं की वीज जाते-येते, त्यामुळे यूपीएसही लागतो. साधा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉट पेलतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ पोचतात. 1,000 व्हीएचा घेतलेला बरा.

वीजबिलाचं गणितही आधीच मांडा. गेम चालू असताना 300 वॉट धरले तर रोज तीन तासांनी महिन्याला 27 युनिट होतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि तो आकडा मुलाला सांगा. भांडण पुढे होण्यापेक्षा हिशेब आधी झालेला चांगला.

चांदणीत उभं राहून

श्यामबाजारहून मेट्रोने पाचवं स्टेशन चांदणी चौक. ई-मॉल आणि आजूबाजूच्या गल्ल्या म्हणजे इथला लॅमिंग्टन रोड. एमडी कम्प्युटर्स आणि वेदांत कम्प्युटर्स ही कोलकात्याचीच दुकानं. महाराष्ट्रातली मुलंही त्यांच्या वेबसाइटवरून भाग मागवतात. तुम्ही कुठल्याही शहरात असा, बाजारात जाण्याआधी अशा दोन-तीन वेबसाइटवर प्रत्येक भागाचा भाव लिहून घ्या. एकगठ्ठा भाव मान्य करू नका. आठ भाग, आठ भाव, आठ पूर्ण नावं. नुसतं "16 जीबी रॅम" किंवा "550 वॉट एसएमपीएस" चालणार नाही, कंपनी आणि मॉडेलसह हवं.

"बिलाशिवाय घेतलंत तर कमी करतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणून मोह होतो. पण ग्राफिक्स कार्डला बहुतेक कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात आणि ती मागताना बिल लागतं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, खोके वर्षभर तरी जपा.

सेकंड हँड कार्ड वाईटच असतं असं नाही. पण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात उतरली. पंख्यांचा आवाज ऐका, दुकानातच एखादा जड गेम अर्धा तास चालवून बघा, आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच घ्या. रॅम सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, ती सहसा बिघडत नाही. एसएमपीएस मात्र नवाच.

घरी आणल्यावर तीन गोष्टी करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 144 हर्ट्झ निवडा, नाहीतर मॉनिटर 60 वरच चालत राहील. आणि बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी चालू करा, नाहीतर रॅम छापलेल्या वेगाने धावतच नाही.

सत्तर हजार नसतील तर

मग जुन्या आय-सेवनकडे न जाता दोन टप्पे करा. रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं. कार्डाशिवायही त्यावर व्हॅलोरंट आणि हलक्या सेटिंगवर जीटीए 5 चालतो, अभ्यास आणि व्हिडिओ एडिटिंगही होतं. यात रॅमच्या दोन पट्ट्या लागतातच, कारण ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. एसएमपीएस मात्र पहिल्याच दिवशी 550 वॉटचा घ्या. पुढच्या बोनसला नुसतं कार्ड बसवलं की झालं.

ठाकुमांनी मला एकच विचारलं होतं: "यावर त्याचा अभ्यास होईल ना?" होईल. गेम चालवणारं यंत्र कोडिंग, ब्लेंडर, एडिटिंग सगळं चालवतं. अभ्यास होतो की नाही, ते यंत्र कुठल्या खोलीत ठेवता आणि किती वाजता बंद करता, यावर ठरतं. समोरच्या घरी ते बैठकीच्या खोलीत ठेवायचं ठरलंय.

तांत्रिक काहीच कळत नसेल तरी मुलाला तीन प्रश्न नक्की विचारा. हा प्रोसेसर कोणत्या सालातला? एसएमपीएसची कंपनी कोणती? या भागाचा भाव आणखी दोन ठिकाणी किती आहे? उत्तरं त्याच्या वहीत लिहिलेली असतील तर यादी त्याची आहे. "दुकानदार म्हणाला" असं उत्तर आलं, तर पैसे अजून खिशातच राहू द्या.