विश्लेषण : मोबाइल गेममधली बाईक खोटी का धावते?

मीरा रोड स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत एखाद्या तरी मुलाच्या मोबाइलवर गाडी पळत असते. कुणाची स्पोर्ट्स कार, कुणाची बाईक, तर कुणाची चक्क एसटीच्या रंगात रंगवलेली बस. यातली अनेक मुले दोन-तीन वर्षांत काशिमीरा नाका ओलांडून घोडबंदर रोडला खरी गाडी चालवतील. ती बहुधा कार नसेल. स्कूटर किंवा बाईक असेल. म्हणून गेममधली कोणती गाडी किती खरी वागते, हा प्रश्न फक्त गेमवेड्यांचा नाही. फोनवर सर्वांत खोटी वागते ती बाईक, आणि नेमके तेच वाहन मुलांच्या हाती आधी येते.

'हँडलिंग'चा आकडा काय सांगतो?

ॲस्फाल्ट मालिकेत गाडी निवडताना कमाल वेग, प्रवेग, हँडलिंग आणि नायट्रो असे आकडे दिसतात. हँडलिंग वाढवले की गाडी वळणावर जास्त ऐकते, एवढेच खेळणाऱ्याला कळते. प्रत्यक्षात या एका आकड्यात बरेच काही दडलेले असते. गाडीचे वजन कुठे आहे, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती, ब्रेक दाबल्यावर भार पुढे किती सरकतो. सर्वांत महत्त्वाची टायरची पकड. ती मोजकीच असते. वळण्यात खर्च झाली की ब्रेकसाठी कमी उरते. २०१८ मध्ये आलेल्या ॲस्फाल्ट ९ मध्ये टचड्राइव्ह सुरू केले तर स्टीअरिंगही गेमच सांभाळतो. तरी त्यातली कार भिंतीला आपटते, उलटते. चूक झाली हे निदान समजते.

बाईक कुठे फसवते?

फोन डावीकडे कलवला की गेममधली बाईक डावीकडे जाते. खऱ्या बाईकला वेगात डावीकडे वळवायचे तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे रेटावी लागते. म्हणजे हँडल क्षणभर उलट दिशेला फिरते, त्यामुळे बाईक डावीकडे झुकते आणि मग वळते. अनुभवी चालक हे नकळत करतात. नवखा माणूस घाबरला की मूठ घट्ट आवळतो आणि बाईक सरळच जाते.

दुसरी फसवणूक ब्रेकची. गेममध्ये ब्रेकचे एकच बटण. खऱ्या बाईकवर ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. पण ओल्या रस्त्यावर, वळणात तोच जोराने दाबला तर चाक निसटते. म्हणूनच १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले, तर त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणाही चालते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. ट्रॅफिक रायडर या लोकप्रिय गेममध्ये ताशी १०० किलोमीटरच्या वर वाहनाला अगदी खेटून ओव्हरटेक केले की जादा गुण मिळतात. उलट्या दिशेने गेल्यासही मिळतात! आता साधे गणित करा. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वेग असताना धोका दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात १७ मीटर गेले. थांबायला आणखी सुमारे २० मीटर. ताशी १०० ला हीच बेरीज ८० मीटरांच्या पुढे जाते. पावसात पकड निम्मी झाली तर ब्रेकचे अंतर दुप्पट होते. गायमुखच्या उतारावर, पुढे अवजड ट्रक आणि मध्ये खड्डा असताना, हे ८० मीटर आणायचे कुठून?

१९९१च्या रोड रॅशमध्ये तरी स्वार आपटायचा आणि धावत बाईकपर्यंत जायचा. तेही खोटेच, पण पडणे असते हे कळायचे.

मग खरे कोण?

गंमत म्हणजे कार्टूनसारखा दिसणारा हिल क्लाइंब रेसिंग. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टने २०१२ मध्ये काढलेल्या या गेममध्ये गॅस आणि ब्रेक असे दोनच पेडल आहेत. पण जीप, मोटोक्रॉस बाईक आणि ट्रॅक्टर यांतला फरक बोटाला जाणवतो. चढावर गॅस जास्त दिला की हलकी बाईक मागे कोलमडते, ट्रॅक्टर रेंगाळत का होईना चढतो. हवेत असताना गॅस दिला तर पुढचे चाक वर, ब्रेक दाबला तर खाली. मोटोक्रॉसचे स्वार खरोखर हेच करतात.

बस सिम्युलेटर इंडोनेशिया हाही याच पंक्तीतला. आपल्याकडची मुले त्यात एसटीचे मॉड टाकून खेळतात, यूट्यूबवर त्यांचे व्हिडीओही भरपूर आहेत. बस वळवताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात, म्हणून आधी बाहेरची बाजू धरावी लागते. दहा वेळा खांबाला घासल्यावर हे पक्के डोक्यात बसते. गोल्डन नेस्ट चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या आतल्या फटीत स्कूटर घालणे का जिवावरचे आहे, ते बसच्या सीटवरून दिसते. माझ्या मते बाईकच्या दहा गेमपेक्षा दुचाकीस्वाराच्या जास्त कामाचा गेम हा आहे.

रिक्षाचा खरा स्वभाव दाखवणारा गेमही आवडला असता. पुढे एकच चाक. वळणात ब्रेक लावला की भार त्याच चाकाकडे सरकतो आणि रिक्षा बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. शेअर रिक्षात कडेला बसणाऱ्याला हे सांगायला नको.

पालकांनी काय पाहावे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जण दगावले. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाचा फोन हिसकावून घेण्याची गरज नाही. तो बाईकचा गेम खेळत असेल तर शेजारी बसा आणि एकच विचारा : 'समोरचा ट्रक आत्ता थांबला, तर तू कुठे थांबशील?'