अंथरूण मोजताना

परवा भोपाळहून, जवाहर चौकात राहणाऱ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, लेकीला बी.एस्सी.नंतर जैवसांख्यिकी शिकायचीय. खाजगी विद्यापीठात जागा मिळतेय. हे पी.एफ. काढायला निघालेत. काय करू?"

विषय उत्तमच. १९८४च्या वायुकांडानंतर भोपाळमध्येच हजारो लोकांच्या आजारांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्यांचा अर्थ लावते ते हेच शास्त्र.

म्हटलं, "आधी सरकारी दारं ठोठाव. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसांख्यिकीचं एम.एस्सी. आहे, बंगळूरला निम्हान्समध्येही आहे. रुग्णांची खरी आकडेवारी हाताळायला मिळते का, शिष्यवृत्ती किती, हे विचार. तरीही पैसे कमी पडले तर कर्ज. २०२४च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक संस्थांसाठी तारण लागत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलतही आहे. पी.एफ. तुमच्या म्हातारपणाचा, त्याला शेवटी हात लावा."

आपण 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतो. कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. पण लेकीचे पाय आखडा, असे दोन्ही भाषांत कुणी म्हटलेले नाही. अंथरूण तेवढे नीट मोजावे.