डोंगरीचं कापड, हिंगणघाटची रुई

पिपरी मेघेहून वर्ध्याच्या बाजारात आलेली आई कपड्यांच्या दुकानात मुलासाठी ‘डंगरी’ मागते. छातीवर चौकोनी तुकडा, खांद्यावरून दोन पट्टे, खाली पँट. शब्द इंग्रजी असणार, असं तिलाही वाटतं आणि दुकानदारालाही. पण तो मुंबईच्या डोंगरीचा आहे.

१८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात ‘डंगरी’ म्हणजे जाडंभरडं, हलकं सुती कापड एवढं सांगून त्यांनी पुढे लिहिलं, की हा शब्द आपल्या माहितीतल्या कुठल्याच कोशात नाही. उत्तर मात्र मराठीच्या कोशात छापलेलं होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालीच निघाली होती. डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड ते ‘डोंगरी कापड’, पुढे कुठल्याही स्वस्त कापडाला तेच नाव पडलं आणि त्यावरूनच इंग्रजी शब्द आला, असा त्याचा खुलासा आहे. हॉब्सन-जॉब्सनमध्ये तो आला विल्यम क्रुक यांनी १९०३ साली काढलेल्या आवृत्तीत. मराठी कोश उघडायला इंग्रजी कोशाला इतकी वर्षं लागली.

ताण्यात आणि बाण्यात दोन-दोन किंवा अधिक धागे एकत्र घेऊन हे कापड विणत. त्यातलं बरं कापड गरीब माणसं अंगावर घालत, जाड कापडाची गलबतांची शिडं आणि तंबू होत. कॅप्टन जॉन सॅरिसच्या १६१३ च्या नोंदींत ते मलुकू बेटांवर लवंगांच्या बदल्यात दिलं जाताना दिसतं. मुंबई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. पुढे ऑस्ट्रेलियात हेच कापड वापरणाऱ्या गरीब वसाहतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर’ म्हणू लागले. शब्द एवढा फिरला, पण ज्या मागांवर कापड निघालं त्यांची नावं कुणी टिपली नाहीत.

वर्ध्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायला नको. इथलंही एक नाव असंच समुद्रापार गेलं होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या कापूस-व्यापारात ‘हिंगणघाट’ हे नुसतं गाव नव्हतं, ती रुईची जात होती. वर्धा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पिकणारी ‘बनी’ ही लांब, मऊ धाग्याची देशी पऱ्हाटी त्या नावाने ओळखली जाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा इकडच्या रुईला भाव चढला. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि गाठी थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या.

पण बनीचा उतारा कमी. सरकी काढल्यावर हाती येणारी रुई थोडी, आणि व्यापारी धाग्याच्या लांबीपेक्षा वजन बघणार. शेतकऱ्याने मग आखूड धाग्याच्या, जास्त उतारा देणाऱ्या जाती पेरल्या, यात त्याचं काहीच चुकलं नाही. चांगल्या धाग्याला जादा दाम देण्याची जबाबदारी बाजाराची होती. ती बाजाराने टाळली, आणि पीक गेलं तसं नावही गेलं.

डोंगरीचं कापड हलकं, तरी शब्द जगला, कारण कापडाची गरज जगभर राहिली. हिंगणघाटची रुई अव्वल, तरी तिचं नाव आज वर्ध्यातल्याच तरुणांना ठाऊक नसतं. हे नुकसान भाषेचं आहे, तितकंच शेतीचंही.

आणि ते याच जिल्ह्यात व्हावं, याचं दुःख अधिक. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात केलं. पेळू, चरखा आणि माग यांना तिथे मानाची जागा मिळाली. खादीच्या दुकानांतून थान घेताना मात्र गिऱ्हाइकाला बहुधा एकच शब्द मिळतो: खादी. कापूस कुठल्या शिवारातला, जात कोणती, सूत कुठल्या गावात कातलं, विणलं कुणी? हे चार तपशील प्रत्येक थानाच्या चिठ्ठीवर मराठीत छापावेत. आणि जिथे देशी पऱ्हाटी अजून पेरली जाते, त्या शिवाराचं नाव त्या चिठ्ठीवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात असावं.