औषधाच्या गोळ्यांना झाकण, बंदुकीच्या गोळ्यांना का नाही?

गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट, वय ७४, न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहून परतले. तिथून आणलेली गोळ्यांची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, एवढी उघडून द्या. माझ्या बोटांनी हे झाकण फिरत नाही." ते दाबून फिरवायचं झाकण होतं. मी उघडून दिलं. मग म्हणाले, "सूनबाई नातवाला एका मित्राकडे खेळायला पाठवत नाही. त्यांच्याकडे ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल असतं म्हणे. त्याला नाही का असलं झाकण बसवता येत?"

येतं. त्याला 'स्मार्ट गन' म्हणतात. मालकाच्या बोटाचा ठसा, चेहरा किंवा मनगटावरच्या घड्याळातली चिप ओळखल्याशिवाय ही बंदूक झाडली जात नाही. मुलाच्या किंवा चोराच्या हातात ती निव्वळ लोखंडाचा तुकडा. अशी पिस्तुलं तयार झालेली आहेत. अडलंय ते कायद्यात आणि हट्टात.

अमेरिकेत १९७० साली औषधांच्या बाटल्यांना लहान मुलांना न उघडणारी झाकणं लावण्याचा कायदा झाला. ॲस्पिरिन खाऊन दगावणाऱ्या मुलांची संख्या त्यानंतर झपाट्याने घटली. "आईबापांनी बाटली वर ठेवायला हवी होती" एवढं बोलून तेव्हा कोणी गप्प बसलं नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र आजही नेमकं हेच ऐकवलं जातं: दोष बंदुकीचा नाही, बेफिकीर पालकांचा. अहो, पालक बेफिकीर होणारच! रात्रपाळी करून आलेला माणूस एखाद्या दिवशी कपाट लावायला विसरतो. तो विसरला तरी पोर वाचलं पाहिजे, म्हणून तर झाकण असतं.

तिथे वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारा केंद्रीय आयोग आहे. खेळण्यातलं पिस्तूल तो तपासू शकतो. खऱ्या पिस्तुलावर त्याचा अधिकार नाही, कारण कायद्यानेच बंदुका वगळल्या आहेत. आणि २०२० पासून त्या देशात १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. डॉक्टर म्हणून मला हे संतापजनक वाटतं.

न्यू जर्सीने २००२ मध्ये कायदा केला: देशात कुठेही स्मार्ट पिस्तूल विक्रीला आलं, की काही वर्षांत आमच्या राज्यात फक्त तसलीच विकायची. हेतू चांगला, परिणाम उलटा. पहिलं पिस्तूल दुकानात येऊच द्यायचं नाही, असा बंदूकवाल्यांनी चंग बांधला. २०१४ मध्ये मेरीलँडमधल्या एका दुकानदाराने ते विकायचं ठरवलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने माघार घेतली. शेवटी २०१९ मध्ये राज्याने कायदा बदलला. आता एका समितीने मॉडेल मान्य केलं, की दुकानदाराने इतर पिस्तुलांबरोबर निदान एक स्मार्ट पिस्तूलही ठेवायचं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. बॅटरी ऐनवेळी संपली तर? २०१७ मध्ये एका तंत्रज्ञाने अशाच एका पिस्तुलाचं कुलूप स्वस्तातल्या लोहचुंबकांनी चकवून दाखवलं होतं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? एखादं औषध पहिल्या चाचणीत नापास झालं म्हणून आपण औषधंच बंद करत नाही, चाचण्या कडक करतो. तेच इथे हवं. कुलूप किती वेळात उघडतं, ओल्या हाताला ओळखतं का, किती वेळा चुकतं, हे कंपनीने नव्हे, त्रयस्थ प्रयोगशाळेने तपासावं आणि आकडे जाहीर करावेत. ही सक्ती आधी. दुकानातली सक्ती नंतर.

स्मार्ट गन रामबाण नाही, हेही सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. मालकानेच स्वतःवर बंदूक धरली, तर ती त्याला ओळखेल आणि चालेल. पण घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला ती ओळखणार नाही. त्या वयात अशी टोकाची लाट बरेचदा काही मिनिटांत ओसरते. गोळ्या खाल्लेली बहुतेक मुलं हॉस्पिटलमधून घरी जातात. बंदुकीने प्रयत्न केलेल्यांपैकी दहातले नऊ जात नाहीत.

फ्लोरिडाने तर २०११ मध्ये डॉक्टरांनी "घरात बंदूक आहे का?" हे विचारण्यावरच कायद्याने निर्बंध घातले. २०१७ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले, म्हणून बरं.

आजोबा मे महिन्यात पुन्हा जाणार आहेत. सूनबाईंना माझा निरोप दिलाय: मित्राच्या आईला फोन करून सरळ विचारा, बंदूक कुलपात आहे का, रिकामी आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का. "त्यांना राग आला तर?" आजोबांनी विचारलं. म्हटलं, येऊ दे. मुलांना तुमच्याच घरी खेळायला बोलवा, आणि ही बाटली तेवढी वर ठेवा. झाकण मी आता सैल करून दिलंय.