बिनदाराच्या गावात दुकान कुठे मांडावे?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

परीक्षा आटोपल्या की पदवीच्या वर्गात दरवर्षी एकच विषय निघतो. नोकरीच्या जागा थोड्या आणि अर्ज करणारे फार, हे आता सर्वांनाच पाठ झाले आहे. तेव्हा कुणीतरी म्हणतो, ‘आपण स्वतःचाच काही धंदा टाकू.’ त्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘धंदा कोणता?’ हा नव्हे, तर ‘जागा कुठे?’ हा. आणि आपल्या नेवासे तालुक्यात या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे तयार असतात. एक, शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गाळा. दुसरे, पुण्यात एखादे टेबल भाड्याने. पहिल्याच्या अनामत रकमेसाठी घरची दुभती म्हैस विकली जाते, दुसऱ्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडतात. या दोन्ही उत्तरांत एकच चूक दडलेली आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती दाखवून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उद्योगाच्या स्थाननिश्चितीवर एक स्वतंत्र प्रकरण असते. कच्चा माल, मजूर, वाहतूक, बाजारपेठ अशी कारणे आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि उत्तरपत्रिका देऊन मोकळे होतो. पण त्या प्रकरणाचे जिवंत उदाहरण पाहायचे असेल तर घोडेगावला महामार्ग सोडावा आणि पाच-सहा किलोमीटर आत जावे. शिंगणापूरला देवाला गाभारा नाही, कळस नाही. उघड्या चौथऱ्यावर उन्हापावसात उभी असलेली काळी शिळा, एवढेच देवस्थान. गावातल्या घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत, ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. कुत्र्यामांजराने आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावायची किंवा पडदा सोडायचा. १९९० नंतरच्या दशकात चित्रपटामुळे आणि पुढे दूरदर्शन संचांमुळे या गावाची कीर्ती फार दूर पोचली. शिर्डीला आलेला भाविक त्याच दिवशी शिंगणापूर करून परत जाऊ लागला. जिथे माणसे तिथे बाजार, या न्यायाने रस्त्याच्या दुतर्फा दुकाने उभी राहिली.

आता या बाजाराकडे भाविकाच्या नव्हे, तर दुकान टाकू पाहणाऱ्या तरुणाच्या नजरेने पाहू. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे कापड, उडीद, नारळ, घोड्याची नाल, प्रसादाचे पेढे. पहिल्या दुकानात जे आहे तेच दहाव्यात आणि तेच पन्नासाव्यात! माल एक, त्याचा उपयोग एक, आणि गिऱ्हाईक परगावचे. ते आज आले ते पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. आले तरी याच दुकानात येईल असे मुळीच नाही. मग एक दुकानदार दुसऱ्याहून वेगळा ठरावा कशाने? मालाच्या चांगुलपणाने नाही, कारण तो पारखून पुन्हा येणारा कुणी नाही. उधारीने नाही, ओळखीने नाही. उरतो एकच मार्ग. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी पोचण्याआधी त्याला रस्त्यातच गाठायचे.

गाड्यांच्या मागे धावणारी, ‘पार्किंग फुकट’ म्हणून गाडी आपल्या दुकानासमोर वळवून घेणारी आणि मग पूजेचे ताट गळ्यात मारणारी मुले सर्वांनी पाहिली आहेत. लोक त्यांना ‘लटकू’ म्हणतात. त्यांच्याविरुद्ध तक्रारी होतात, बंदोबस्त होतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते. आपण या मुलांच्या संस्कारांना दोष देऊन मोकळे होतो. परंतु यात संस्कारांचा दोष किती आणि जागेचा किती? ज्या जागी गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच भेटते, तिथे चांगल्या घरच्या मुलालाही उद्या धावावेच लागेल. आपण जागा निवडतो असे आपल्याला वाटते खरे. पण आपण दुकानदार कसे होणार, हे पुढे जागाच ठरवते.

दुसरा हिशेब त्याहून रोकडा आहे. देवस्थानाची खरी गर्दी शनिवारची. वर्षात शनिवार बावन्न. शनैश्चरी अमावस्या वर्षातून एक-दोनदा, फार तर तीनदा यायची. गाळ्याचे भाडे मात्र बाराही महिने चालू, आणि कर्जाचे व्याज तर रात्रीही झोपत नाही. बावन्न दिवसांच्या कमाईवर तीनशे पासष्ट दिवसांचा खर्च भागवायचा, म्हणजे शनिवारच्या गिऱ्हाइकाकडून बुधवारचेही पैसे काढावे लागणार. ताटाची किंमत तोंड पाहून का ठरते, याचे उत्तर इथे आहे.

आणि गर्दी ही काही आपल्या मालकीची वस्तू नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील देवळे बंद झाली, ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी खुली झाली. त्या काळात किराणा दुकान चालू होते, गिरणी चालू होती, दूध संकलन चालू होते. ज्या दुकानाचा सारा जीव दर्शनाच्या रांगेत होता, त्याचे मात्र शून्य झाले. ज्याला गावातले चार लोक रोज लागतात तो कसाबसा तरला. ज्याला परगावचे चार हजार लोक लागत होते तो बुडाला.

आता दारांकडे येऊ. शिंगणापुरात दुकान टाकणाऱ्यापुढे एक प्रश्न असा आहे, जो देशात अन्यत्र फारसा कुणापुढे नसेल: कुलूप लावायचे की नाही? यात केवळ श्रद्धेचा नव्हे, तर व्यवहाराचाही भाग आहे. दुकानातल्या मालाचा चोरीचा विमा उतरवला तर कंपन्यांची सर्वसाधारण अट अशी असते की, चोर बळजबरीने आत शिरल्याची खूण दिसली पाहिजे. दार फोडले, कुलूप तोडले, असे काहीतरी. जिथे दारच नाही तिथे फोडणार काय? म्हणजे बिनदाराच्या दुकानाचे रक्षण विम्याच्या कागदाने होणे कठीण. ते होते शेजाऱ्याच्या नजरेने आणि देवाच्या धाकाने.

जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने गावात शाखा काढली तेव्हा देशातील पहिली ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून वृत्तपत्रांत तिचा गाजावाजा झाला. बँकेने दार लावले ते काचेचे, आणि त्यावर कुलूप दिसणार नाही अशी व्यवस्था केली. रोकड सांभाळण्याची सोय तिने अर्थातच सोडली नाही. तरुण व्यावसायिकाने यातून घेण्याजोगा धडा असा की, गावाची रीत मोडायची नाही आणि स्वतःची जोखीमही विसरायची नाही. दुसरीकडे, भाविकांच्या गाडीतून वस्तू चोरीला गेल्याच्या तक्रारी २०१० आणि २०११ मध्ये छापून आल्या, आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे झाले. याचा अर्थ गावकऱ्यांची श्रद्धा आटली असा कुणी लावू नये. ओळखीच्या माणसांत जो विश्वास कुलपाचे काम करतो, तो अनोळखी गर्दीत अपुरा पडतो, एवढाच त्याचा अर्थ. बिनदाराचे घर वेडेपणाचे नव्हते. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला नावाने ओळखतो, तिथे ती शहाणपणाची व्यवस्था होती. छोट्या धंद्याचेही तसेच आहे. त्याचे खरे भांडवल ओळख हे आहे, आणि ज्या जागी ओळख वाढत नाही ती जागा कितीही मोक्याची असली तरी महाग आहे.

महाराष्ट्रातले जुने उद्योग पाहिले तर हेच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावातले बस्तान नगरपालिकेला जागा हवी झाल्यामुळे हलले. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. निवडुंग माजलेला, सापाकिरड्यांचा तो माळ! बाजारपेठ नाही, वर्दळ नाही. पण जवळ रेल्वे होती आणि भोवती शेतकरी होता. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. त्याच लोहमार्गावरच्या भिलवडीला चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा धंदा नेला, तो कृष्णाकाठच्या गावांत दूध होते आणि ते शहरात पोचवायला गाडी होती म्हणून. दोघांनीही आधी विचारले, ‘माझ्या कामाला काय लागते?’ जागा त्यानंतर आली.

आणि ज्यांच्याजवळ जागाच नव्हती त्यांचे काय? १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पुढे पसारा वाढला तरी त्यांनी हजारो बायकांना पुरेल असे एखादे मोठे छप्पर शोधले नाही. पीठ केंद्रावर मळायचे, ते घरी नेऊन लाटायचे आणि पापड केंद्रावर आणून द्यायचे, अशी कामाचीच वाटणी केली. कामाचा जो भाग एकत्र व्हायला हवा तेवढ्यालाच जागा. बाकीचे जिथल्या तिथे. ‘जागा नाही म्हणून धंदा नाही’ म्हणणाऱ्याने हे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावे.

यावर कुणी म्हणेल, ‘किर्लोस्करांना औंधचा राजा भेटला, आम्हांला कोण भेटणार? आणि शिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंतीचा घाणा फिरवून किती घरे चालली आहेत, ती काय मूर्ख आहेत?’ आक्षेप रास्त आहे. ज्याचे शेत त्या रस्त्याला लागून आहे, ऊस घरचा आहे, बैल घरचा आहे, त्याने रसवंती टाकणे हा उत्तम व्यवहार होय. त्याला भाडे नाही आणि गर्दी नसेल त्या दिवशी त्याला शेत आहे. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न आहे तो कर्ज काढून एकावन्नावे तेलाचे दुकान टाकणाऱ्या पदवीधराचा. पुण्याचेही तसेच. ज्याचे गिऱ्हाईक पुण्यात आहे त्याने अवश्य जावे. पण केवळ पत्रिकेवर पुण्याचा पत्ता छापता यावा म्हणून वातानुकूलित खोलीतले टेबल भाड्याने घेणे, म्हणजे नवरी ठरण्याआधी मांडव घालणे होय.

मग करावे काय? घोडेगावच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. तिथे येणारा शेतकरी वर्षानुवर्षे तोच असतो. त्याला अर्ज लिहून हवे असतात, पट्ट्यांचे हिशेब मांडून हवे असतात, बारदान हवे असते, काटा दुरुस्त करून हवा असतो. सोनईला साखर कारखाना आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. तिथे छपाईची, शिकवण्यांची, दुरुस्तीची कामे रोजची आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर दुकानाचा विचारच सोडावा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे, हसमुख सांकळियांनी १९५४-५६ मध्ये जिथे उत्खनन केले ते नेवासे, शिर्डी-शिंगणापूर करणाऱ्या गाड्यांच्या वाटेपासून किती दूर आहे? या गाड्या तिकडे वळवून माहिती सांगणारा, चार भाषा बोलणारा वाटाड्या हवा आहे. त्याला लागतो एक फोन आणि पाठ असलेला इतिहास!

जागा घेण्याआधी तीन महिने जागेवाचून काम करून पाहावे. घरचा ओटा, मित्राच्या दुकानातला सकाळचा रिकामा वेळ, काहीही चालेल. वहीत रोज एकच नोंद ठेवावी: आज आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा आलेले किती? तो आकडा वाढत असेल तर ती माणसे जिथून येतात तिथे गाळा पाहावा. पाहतानाही शनिवारी पाहू नये, मंगळवारी दुपारी पाहावा. करार तोंडी ठेवू नये. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असा आपल्या राज्यात कायदाच आहे, आणि पुढे कर्ज मागताना तोच कागद कामी येतो. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही, म्हणून त्यासाठी कुणा दलालाला पैसे देऊ नयेत. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने अधिनियमाप्रमाणे नोंदणी नव्हे, नुसती सूचना द्यावी लागते.

गुरुजनांनाही एक विनंती आहे. दुपारनंतर आपल्या महाविद्यालयाच्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात. त्यांतली एक, नुकत्याच पदवीधर झालेल्या चार-पाच जणांना, वर्षभरासाठी संध्याकाळी उघडी ठेवता येईल काय? एक टेबल, एक दिवा, हिशेब तपासणारे वाणिज्य शाखेचे एखादे प्राध्यापक, एवढेच हवे. एखाद्याचा धंदा तिथे बसला नाही तरी नुकसान होईल ते वर्षाचे, घरच्या म्हशीचे नाही.

शिंगणापूरच्या चौकटींना दारे नाहीत, म्हणून तिथे कुणीही शिरू शकतो असे बाहेरच्यांना वाटते. गावच्या माणसाला ठाऊक असते की आत येणारा बहुधा ओळखीचाच असतो. आपल्या दुकानाची चौकट उभारताना आपणही हेच विचारावे, की या चौकटीतून उद्या पुन्हा कोण येणार आहे? ज्याला याचे उत्तर चार नावांनी देता येईल, त्याने खुशाल अनामत भरावी. ज्याच्याजवळ नुसती गर्दी आहे आणि नाव एकही नाही, त्याने म्हैस अजून विकू नये.