मुलाचे घर आणि आपला वर्ग

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना शिक्षकाच्या हाती जो हजेरीपट येतो, त्यावरील कित्येक नावे अशा मुलांची असतात की ज्यांच्या घरी क्रमिक पुस्तकांतली मराठी बोलली जात नाही. मेळघाटातील कोरकू, भामरागडकडील माडिया, सातपुड्यातील पावरा, डहाणू-तलासरीकडील वारली, ही मुले शाळेत रिकाम्या हातांनी येत नाहीत. झाडापाखरांचे, बीबियाण्याचे, ऋतुमानाचे आणि नात्यागोत्याच्या रीतिभातींचे जे ज्ञान त्यांनी आईबापांमागे हिंडून कमावलेले असते, ते ज्या भाषेत साठलेले आहे तिलाच वर्गात मज्जाव झाल्यामुळे सारे संचित दाराबाहेर राहते, मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यावर मंदबुद्धीचा शेरा मारून आपण मोकळे होतो. या शेऱ्याचा आपल्या व्यवसायबंधूंनी व भगिनींनी गांभीर्याने फेरविचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कोरकू ही मुंडा कुळातील आणि माडिया ही द्राविडी कुळातील भाषा असल्यामुळे, ती बोलणाऱ्या मुलाला पहिलीतील मराठी सर्वस्वी परकी असते, आणि त्याचे मौन हे न समजल्याचे मौन असते. वारली बोली त्या मानाने मराठीस जवळची. पण या जवळिकीचाच त्या मुलाला जाच होतो, कारण त्याचे प्रत्येक वाक्य अशुद्ध मराठी समजून दुरुस्त केले जाते आणि बोलणे म्हणजे चुकणे अशी त्याची समजूत होऊन बसते. पहिल्या मुलाला दुभाष्या हवा असतो, तर दुसऱ्याला पुरते ऐकून घेणारा कान. दोघांना एकच उपाय लागू करणे हा अन्यायच होय.

या बाबतीत आपल्याजवळ पूर्वसूरींचा भक्कम दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर निष्ठेने चालविले. मूल शाळेत येत नाही अशी तक्रार करीत न बसता या दोघींनी पाड्यापाड्यांवरील अंगणांत बालवाड्या भरविल्या, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले ही परिसरातील सामग्री शिक्षणाच्या कामी आणली. मुलाचे जगणे हा शिक्षणातील अडथळा नसून तेच शिक्षणाचे अधिष्ठान आहे, हा सिद्धांत त्यांनी प्रत्यक्ष आचरणाने सिद्ध केला.

आपल्या शाळांतून आज आदिवासी संस्कृतीला स्थान मिळते ते बहुधा स्नेहसंमेलनात, तारप्याच्या नाचापुरते, किंवा भिंतीवरील वारली चित्रांपुरते. परंतु लग्नाचा चौक कोण लिहिते, त्यात पालघट देवी का येते, तांदळाचे पीठ कसे कालवतात, हे ज्या मुलाच्या आजीला ठाऊक आहे, त्या आजीस सन्मानाने वर्गात पाचारण करावे असे किती जणांना सुचते? मुलाने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी फळ्यावर लिहून तोच त्याचा पहिला वाचनपाठ करावा. गणितात बाजारच्या मोहाचा व डिंकाचा हिशेब यावा. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले मूल परतल्यावर गैरहजेरीचा जाब विचारण्याऐवजी त्याची जागा राखून ठेवलेली त्यास दिसावी. आश्रमशाळेत तर सहा वर्षांचे लेकरू घर सोडून राहते. तेथे त्याच्या भाषेत विचारपूस करणारे एक तरी माणूस असणे ही अन्नवस्त्राइतकीच निकडीची तजवीज आहे.

या सर्वास कायद्याचाही आधार आहे. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाच्या अनुच्छेद 350-अ ने म्हटले आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही वर्ज्य ठरविला आहे, आणि कलम 29 ने मूल भयमुक्त राहावे व शिक्षण शक्यतोवर त्याच्या मातृभाषेतून व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. या तरतुदींचा पूर्ण अंमल व्हावा म्हणून स्थानिक भाषा जाणणारे शिक्षक नेमणे आणि त्या भाषांतील वाचनसाहित्य पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्याचा पाठपुरावा आपण संघटितपणे केलाच पाहिजे. परंतु मुलाच्या बोलीतील उत्तर आदराने ऐकून घेण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तो अधिकार प्रत्येक शिक्षकाच्या स्वाधीन आहे. प्रमाण मराठी मुलास अवश्य यावी, उत्तम यावी. पण ती त्याच्या मूळ भाषेत भर घालणारी असावी, तिची जागा बळकावणारी नव्हे. येत्या वर्षात प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांच्या भाषेतील निदान नित्याच्या व्यवहाराची वाक्ये मुलांकडूनच शिकून घ्यावीत, असे आमचे आग्रहाचे आवाहन आहे. कारण गुरुजी आपल्याकडून काही शिकतात हे ज्या मुलाने पाहिले, ते गुरुजींकडून शिकण्यास भीत नाही.