शर्यतीचा जमाखर्च

रविवारी संध्याकाळी साडेसहाला तुमच्या घरी काय चाललेलं असतं? कुणी देवापुढे दिवा लावत असेल, कुणी उद्याच्या डब्याची भाजी निवडत असेल. आमच्याकडे त्या वेळी मोटारी धावतात! टीव्हीवर हो! फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या शर्यती तिकडे दुपारी तीनला सुटतात, तेव्हा आपल्याकडे साडेसहा झालेले असतात. धाकटे भावजी, त्यांचे दोन मित्र आणि आमची आठवीतली लेक असे चौघे सतरंजीवर ठाण मांडून बसतात. सासूबाई जपाची माळ घेऊन माडीवर जातात, हे वर्तमानपत्रात डोकं घालतात आणि मी पोह्यांची कढई चढवते.

खरं सांगायचं तर या खेळाशी माझा संबंध इतकी वर्षं त्या पोह्यांपुरताच होता. पण शाळा सुरू झाल्यावर एक प्रसंग असा घडला, की मला कढई बाजूला ठेवून सतरंजीवर बसावं लागलं.

लेकीच्या वर्गात पर्यावरणावर भित्तिचित्रं काढायची होती. हिनं मोठ्या हौसेनं झाड, नदी, पक्षी असं चित्र रंगवलं. ते भिंतीवर लागलं तशी वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘‘घरी मोटारींच्या शर्यती बघतेस आणि इथे झाडं रंगवतेस? ढोंगी!’’ सगळा वर्ग हसला. पोर घरी आली ती गप्पच. कपाटाच्या दारावर चिकटवलेली गाड्यांची कात्रणं एकेक करून काढली आणि त्या रविवारी सतरंजीवर काही बसली नाही. रात्री अंथरूण घालताना मला विचारते, ‘‘आई, एखादी गोष्ट वाईट असेल तर ती आवडणं म्हणजेसुद्धा वाईटच ना?’’

रोज दुपारी चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी, पण त्या रात्री मला काही सुचेना. ‘‘झोप आता, उद्या बोलू,’’ असं म्हणून मी वेळ मारून नेली. तुम्हीही कधीतरी असं केलंच असेल!

पुढच्या रविवारी मंडळी जमली. शर्यत सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून मीच विषय काढला. झालं! तिघांची तीन तोंडं. भावजींचं म्हणणं, ‘‘वहिनी, २०२६ पासून नियम बदललेत. गाडीची जवळजवळ निम्मी ताकद आता विजेची. इंधनसुद्धा जमिनीतून उपसलेलं नाही. टाकाऊ शेतमाल, शहरातला कचरा, हवेतून पकडलेला कार्बन असल्या गोष्टींपासून केलेलं. मग प्रदूषण राहिलं कुठे?’’ त्यांचे बँकेतले मित्र म्हणाले, ‘‘ही सगळी वरवरची रंगरंगोटी आहे.’’ तिसऱ्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. त्यांचं दुःख निराळंच. ‘‘२०१४ साली १.६ लिटरची छोटी इंजिनं आणली तेव्हाच तो जुना आवाज गेला. आता आणखी काय काय काढून घेणार?’’

मी आपली बाईमाणूस. मला एकच प्रश्न पडला आणि तो मी विचारला, ‘‘भावजी, तुम्ही सगळे इंजिनावरून भांडताय. पण एकूण खर्चात इंजिनाचा खर्च किती?’’

कुणालाच सांगता येईना. मग भावजींनी मोबाइलवर शोधाशोध केली. फॉर्म्युला वनच्या चालकांनी २०१९ च्या नोव्हेंबरात आपला हिशेब पहिल्यांदा जाहीर केला होता. हिशेब होता २०१८ सालचा. वर्षाकाठी सुमारे २,५६,००० टन कार्बन वायू. हा आकडा माझ्या डोक्यावरून गेला, म्हणून मी तो आपल्या पद्धतीनं मांडायला लावला. सगळं प्रदूषण मिळून शंभर रुपये धरा. त्यातले पंचेचाळीस रुपये सामानाच्या ने-आणीवर. सत्तावीस रुपये सत्तर पैसे माणसांच्या प्रवासावर. एकोणीस रुपये तीस पैसे संघांच्या कारखान्यांवर आणि कचेऱ्यांवर. सात रुपये तीस पैसे शर्यतीच्या जागच्या व्यवस्थेवर. आणि ज्यावरून एवढं भांडण, त्या गाड्यांच्या इंजिनांवर किती? सत्तर पैसे!

लेक दाराआडून ऐकत होती, ती हळूच आत येऊन बसली.

म्हणजे बघा, २०१९ पासून २०२५ पर्यंत एका गाडीला एका शर्यतीत जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरायची मुभा होती. वीस गाड्यांचं मिळून बावीसशे किलो झालं. जम्बो जेटसारखं मोठं विमान तासाला साधारण दहा टन इंधन जाळतं. म्हणजे सगळ्या गाड्या मिळून अख्ख्या शर्यतीत जेवढं जाळतात, तेवढं अशा विमानाला पाव ताससुद्धा पुरत नाही. आणि शर्यतीमागून शर्यत गाठायला अशी विमानं सामान घेऊन खंडाखंडांवरून उडतात. डोळ्यांना दिसतो तो खर्च थोडका, खरा खर्च पडद्याआड!

हे आपल्याला नवीन नाही. दिवाळीच्या खरेदीचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि त्यावरून घरात बोलाचालीही होते. पण वर्षभर वाण्याकडून सुटं सुटं आणलेलं सामान वहीत मांडलं, की खरी गळती तिथे सापडते.

मग आमची चर्चा रंगली ती गळती बुजवायची कशी यावर. आणि गंमत म्हणजे तिकडच्या शहाण्या माणसांनी जे उपाय काढलेत, ते तुमच्या-माझ्या घरातलेच आहेत. आपण माहेरी मुलांचे दोन जोड कपडे ठेवून देतो, म्हणजे दर खेपेला बॅग भरायला नको. त्यांनीही गॅरेजच्या भिंती, टेबलं अशा जड सामानाचे अनेक संच केलेत. ते संथपणे बोटीनं पुढच्या पुढच्या मुक्कामी जातात, विमान लागत नाही. आपण बाजारात निघताना पीठगिरणी, बँक आणि शिंपी एकाच वाटेवर उरकतो. त्यांचं मात्र २०२३ मध्ये काय चाललं होतं? चार जूनला स्पेन, अठरा जूनला समुद्रापार कॅनडा आणि दोन जुलैला परत ऑस्ट्रिया! एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईत दुसरी खेप घालण्यातलाच प्रकार. आता जरा शहाणपण आलंय. २०२४ साली जपानची शर्यत एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलिया आणि चीन यांच्या मधे बसवली. २०२६ च्या वेळापत्रकात कॅनडा मे महिन्यात मायामीच्या पाठोपाठ घेतलं. युरोपातल्या मालमोटारींनाही २०२३ पासून वनस्पती तेलापासून केलेलं इंधन घालायला सुरुवात झाली.

याचा उपयोग झाला का? झाला. २०२४ च्या अखेरीस त्यांचं प्रदूषण २०१८ च्या मानानं २६ टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांनी जाहीर केलं. २०३० पर्यंत निदान निम्मं करायचं आणि उरलेल्याची भरपाई अन्य मार्गांनी करायची, असा त्यांचा वायदा आहे.

भावजींनी विजयी मुद्रेनं बँकवाल्यांकडे पाहिलं. पण बँकेतली माणसं हिशेबात सहसा फसत नाहीत! त्यांनी दोन बोटं वर केली. पहिली गोष्ट, २०१४ मध्ये वर्षाला एकोणीस शर्यती होत्या, २०२४ मध्ये चोवीस झाल्या. काटकसरही करायची आणि पंगतीही वाढवायच्या, हे कसं जमायचं? दुसरी गोष्ट, या हिशेबात प्रेक्षकांचा प्रवास धरलेलाच नाही. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला २०२३ मध्ये चार दिवसांत मिळून चार लाख ऐंशी हजारांची हजेरी लागली. ती माणसं मोटारीनं आली, विमानानं आली, ते कुणाच्या वहीत? लग्नाचा खर्च मांडायचा आणि वऱ्हाडाचा खर्च सोडून द्यायचा, तशातली गत.

यावर सगळेच गप्प झाले. कारण ते वऱ्हाड म्हणजे हीच मंडळी. भावजी दोन वर्षांपासून सिंगापूरच्या शर्यतीला जायचे बेत करताहेत!

तेवढ्यात लेक म्हणाली, ‘‘इमोलाची शर्यत पुरामुळे रद्द झाली होती, आठवतं का?’’

मला आठवलं. २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. इटलीत एमिलिया-रोमान्या भागात भयंकर पाऊस झाला, नद्या फुटल्या. इमोलाचा शर्यतीचा रस्ता सांतेर्नो नदीच्या काठाला. २१ तारखेची शर्यत चार दिवस आधी रद्द करावी लागली. जवळच्या फाएन्झा गावात एका संघाचा कारखाना आहे. त्या संघाचा जपानी चालक युकी त्सुनोदा हातात फावडं घेऊन रस्त्यावरचा चिखल उपसत होता. ते छायाचित्र लेकीनं तेव्हा मला मुद्दाम आणून दाखवलं होतं. कारण चिखल उपसणं म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. होडीतून बाहेर पडलो तेव्हा तिनं माझा पदर मुठीत धरला होता तो दोन तास सोडला नाही. पाणी ओसरल्यावर धान्याचे डबे, गाद्या, माझी शाळेची पुस्तकं, सगळं आम्ही अंगणात आणून टाकलं होतं. एक पूर एकाच कारणानं येत नाही, हे मी भूगोल शिकवते म्हणून जाणते. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरानं कोसळतो, हेही पुस्तकातच आहे.

म्हणजे ‘ढोंगी’ हा शब्द पोरीला एवढा का झोंबला, ते मला त्या क्षणी कळलं.

मग भावजींनी तिला सेबास्टियन व्हेटेलची गोष्ट सांगितली. हा जर्मन चालक चार वेळा जगज्जेता. आपल्या देशात दिल्लीजवळ २०११ ते २०१३ अशा तीन वर्षं शर्यती झाल्या, त्या तिन्ही त्यानंच जिंकल्या. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनची शर्यत संपल्यावर हा गडी प्रेक्षकांच्या जागेतला कचरा उचलत होता. २०२२ साली इंग्लंडमधल्या दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात त्याला तोंडावर विचारलं गेलं, की पृथ्वीची काळजी करता आणि मोटारी पळवता, मग तुम्ही ढोंगी नाही का? त्यानं सरळ ते मान्य केलं, आणि हे प्रश्न आपण स्वतःलाही रोज विचारतो असं सांगितलं. त्या वर्षाअखेर तो निवृत्त झाला. पण २०२३ मध्ये जपानला सुझुकाच्या मैदानावर जाऊन त्यानं मधमाश्यांसाठी घरटी उभारली. तीही रस्त्याच्या वळणालाच!

लेक लक्ष देऊन ऐकत होती. त्या रात्री मी तिला माझं राहिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, ‘‘हे बघ, आवडणं वाईट नाही. आवडतं म्हणून हिशेब लपवणं वाईट. ज्याला खेळ आवडत नाही तो चार शिव्या देऊन मोकळा होईल. वही तपासायला आवड असणाराच बसेल.’’

मैत्रिणींनो, दुसऱ्याची वही तपासली तर आपलीही उघडावी लागते. आम्ही महिनाभर स्कूटरच्या फेऱ्या मांडल्या. मला वाटत होतं, आमचं पेट्रोल जातं ते नरसोबावाडी, औदुंबरच्या फेऱ्यांत. निघालं भलतंच! लेकीला शिकवणीला सोडणं-आणणं यात रोज चार खेपा पडत होत्या. शिकवणी घरापासून दीड किलोमीटर. आता ती शेजारच्या मुलीबरोबर सायकलवर जाते. तुम्हीही करून पाहा. स्वयंपाकघरात एक वही टांगा. गाडी बाहेर काढली की तारीख, कुठे, किती किलोमीटर, एवढंच लिहा. मुलांना लिहायला लावा, म्हणजे ती लिहितातही आणि मोठ्यांना टोकतातही! महिन्यानं बेरीज करा आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा. सत्तर पैशांवरून भांडत बसू नका.

लेकीनं नवं चित्र काढून वर्गात लावलंय. एक मोठी भाकरी आणि तिचे पाच तुकडे. मोठ्या तुकड्यावर विमान, अगदी बारीक कोरीवर शर्यतीची गाडी. भाकरीच्या बाहेर प्रेक्षकांची गर्दी आणि वर प्रश्नचिन्ह. त्या गर्दीत दोन वेण्यांची एक मुलगी आहे. ‘‘ही कोण गं?’’ विचारलं तर म्हणते, ‘‘मीच की!’’

कात्रणं पुन्हा कपाटावर आली आहेत. सिंगापूरच्या बेताबद्दल भावजी हल्ली फारसं बोलत नाहीत. हिशेब चालू आहे म्हणतात. आणि रविवारी साडेसहाला आता सतरंजीवर पाचवी मी असते. पोह्यांचं काय म्हणता? ते आता हे करतात. मीठ थोडं जास्त पडतं, पण आम्ही कुणी बोलत नाही!